दुभंगलेली तरंगफळी आणि तिची घरगुती दुरुस्ती

मोडलेली वस्तु घरांत आली म्हणजे दोन विचार आधीं सुचतात. ती टाकून द्यावी हा एक, आणि कोणा कारागिराकडे पाठवावी हा दुसरा. ती आपणच नीट पाहावी, कोठें मोडली व कां मोडली हें समजून घ्यावें आणि मग तिला हात घालावा, हा तिसरा विचार बहुधा सर्वांच्या शेवटीं येतो. गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत ह्या तिसऱ्या विचाराच्या मागें लागल्यामुळें मला उतारवयांत जें एक नवें शिक्षण मिळालें, तें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

मी त्या वेळीं कॅलिफोर्नियांत सॅन होजे येथें मुलीकडे राहत होतों. तेथून सुमारें तीस मैलांवर, डोंगर ओलांडला कीं, सांताक्रूझ हें समुद्रकांठचें गांव लागतें. माझा सोळा वर्षांचा नातू दर शनिवारीं तेथें लाटांवर स्वार होण्यासाठीं जातो. एका शनिवारीं तो परतला तो फळीचे दोन तुकडे काखेंत घेऊन. फळी आठ फूट लांबीची. तिचा पुढचा तीन फुटांचा भाग तुटून निराळा झालेला, आणि तुटल्या जागीं कांचेसारख्या कवचाच्या चिंध्या लोंबत होत्या. ती जुनी फळी त्यानें स्वतः कमावलेल्या पैशांतून घेतली होती. नवी घ्यावयाची तर सात-आठशें डॉलर पडले असते. "आजोबा, ही आतां कचऱ्यांतच जाणार," तो म्हणाला. "जाऊं दे," मीं म्हटलें, "पण ती कां मोडली हें कळल्यावर."

ह्या वस्तूला इंग्रजींत सर्फबोर्ड म्हणतात. आपण तिला तरंगफळी म्हणूं. किनाऱ्याकडे येणारी लाट फुटण्याच्या बेतांत आली कीं तिच्या उतारावर ही फळी टाकावयाची आणि तिजवर उभें राहून लाटेबरोबर घसरत यावयाचें, असा हा खेळ आहे. हल्लीं तो जगभर पसरला आहे. २०२१ सालीं झालेल्या तोकियो ऑलिंपिकमध्यें त्याला प्रथम स्थान मिळालें, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ह्या खेळाचे सामने तर पॅरिसपासून हजारों मैल दूर, ताहिती बेटावर झाले. परंतु त्याचें माहेर म्हणाल तर पॅसिफिक महासागरांतील बेटें, आणि त्यांतही विशेषेंकरून हवाई.

जुन्या हवाईंत फळ्या अखंड लांकडाच्या असत. कोआ, नीरफणस आणि विलीविली ह्या झाडांचें लांकूड त्यांसाठीं वापरीत. ह्यांपैकीं विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचीच एक बहीण; दोघांचें कुल एक, लांकूड तसेंच हलकें. ओलो नांवाची लांब फळी सरदारांची असे. ती चौदा-सोळा फूट लांब आणि शंभर पौंडांहून जड असे. त्या लोकांची एक रीत मला फार मार्मिक वाटली. खेळ संपला कीं फळी वाळवीत, तिला तेल चोळीत, आणि सालींच्या कापडांत गुंडाळून घरांत ठेवीत. समुद्राची वस्तु समुद्राबाहेर आल्याबरोबर कोरडी झाली पाहिजे, हा धडा त्यांस कोणा शास्त्रज्ञानें शिकविला नव्हता. अनुभवानें शिकविला होता. पुढें आम्हांला ह्याच धड्याची आठवण फार महागांत पडून झाली.

सांताक्रूझशीं ह्या खेळाचें नातें जुनें आहे. १८८५ सालीं कॅलिफोर्नियांत शिकण्यासाठीं आलेल्या हवाईच्या तीन राजपुत्रांनीं तेथील रेडवुड लांकडाच्या फळ्या करवून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशीं लाटांवर स्वारी केली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ह्या खेळाचा हा पहिला नोंदलेला प्रसंग मानतात.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. टॉम ब्लेक नांवाचा एक अमेरिकन पोहणारा १९२६ च्या सुमारास होनोलूलू येथील बिशप म्यूझियममधील जुन्या फळ्या दुरुस्त करीत होता. त्यांत पाकी नांवाच्या सरदाराच्या अवजड ओलो फळ्या होत्या. त्या हाताळतां हाताळतां तशीच एक फळी आपण करून पाहावी असें त्याला वाटलें. ती जड होऊं नये म्हणून त्यानें लांकडाला आरपार असंख्य भोकें पाडलीं, लांकूड वाळूं दिलें, आणि वरखालीं पातळ लांकडाचें आच्छादन बसवून तीं भोकें बुजविलीं. आंत पोकळी आणि बाहेर पातळ कवच अशी ही रचना पुढें सुधारत गेली, आणि १९३२ सालीं त्याला पोकळ फळीचें पेटंट मिळालें. जुनी वस्तु दुरुस्त करावयास बसलेल्या मनुष्यास नव्या वस्तूची युक्ति सांपडली, ती अशी. दुरुस्ती करणारा तेवढाच वस्तूच्या पोटांत शिरतो. विकत घेणारा तिच्या बाहेरच राहतो.

आतां आजच्या फळीच्या पोटांत आपणही शिरूं. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंचें कापड आणि रेझिन हे नवे पदार्थ फळी करणारांच्या हातीं आले, आणि १९५० नंतरच्या दशकांत लांकडाची जागा कृत्रिम फेसानें घेतली. फेस म्हणजे फुगवून घट्ट केलेला प्लास्टिकचा पदार्थ. हलका, पांढरा आणि नखानें टोंचला तर खड्डा पडेल इतका मऊ. हा झाला फळीचा गाभा. गाभ्याच्या मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत एक पातळ लांकडी पट्टी उभी बसविलेली असते. तिला आपण कणा म्हणूं. आणि ह्या सर्वांवर कांचतंतूंचें कापड अंथरून तें रेझिननें भिजवितात. रेझिन घट्ट झालें कीं कापड व रेझिन मिळून एक कठीण कवच तयार होतें. हें कवच किती जाड असतें? पुष्कळ ठिकाणीं नखापेक्षां फारसें जाड नाहीं.

अशा मऊ गाभ्यावर आणि पातळ कवचावर मोठा माणूस उभा राहतो तरी कसा? ह्याचें उत्तर आपल्या घरांतल्या खोक्याच्या पुठ्ठ्यांत आहे. त्या पुठ्ठ्यांत दोन सपाट कागद असतात, आणि त्यांमध्यें नागमोडी वळविलेला तिसरा कागद. तिन्ही कागद सुटे करून पाहिले तर एकांतही जोर नाहीं. परंतु मधला कागद दोन्ही बाजूंच्या कागदांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर घट्ट धरून ठेवतो, आणि त्यामुळें पुठ्ठा वांकत नाहीं. फळीचें तसेंच आहे. ती वांकूं लागली कीं एका बाजूचें कवच ताणलें जातें आणि दुसऱ्या बाजूचें दाबलें जातें. हा ताण आणि हा दाब कवच सोसतें. गाभ्याचें काम एवढेंच कीं दोन्ही कवचें जागच्या जागीं धरून ठेवावयाचीं. तात्पर्य, फळीचें बळ कवचांत आहे, आणि कवचाचें बळ त्यानें गाभ्याला घट्ट धरून असण्यांत आहे. आजच्या भाषणांतील एवढें एक वाक्य ध्यानांत राहिलें तरी पुरे. दुरुस्तीची सगळी कृति त्यांतूनच निघते.

पुठ्ठ्याच्या एका बाजूच्या कागदावर नखानें रेघ ओढा आणि मग पुठ्ठा वांकवून पाहा. तो नेमका त्या रेघेवरच दुमडतो. आमच्या फळीचें हेंच झालें होतें. खोदून विचारल्यावर नातवानें कबुली दिली. दोन महिन्यांपूर्वीं फळीच्या वरच्या अंगाला एक चीर पडली होती. त्यानें त्याच संध्याकाळीं, फळी आंतून ओली असतांनाच, चिरेवर नळींतलें रेझिन लावलें. पुढच्या उन्हांत आंतल्या ओलीची वाफ होऊन तें ठिगळ फुगलें आणि सुटलें. मग त्यावर चिकटपट्टी लावून तो आठ आठवडे खेळला. पट्टीखालून समुद्र आंत जात राहिला; गाभा व कवच ह्यांची मिठी तेवढ्या जागेंत सुटली. एका मोठ्या लाटेचा माथा फळीवर आदळला तेव्हां वरचें कवच त्याच जागीं दबून चुरगळलें, आणि फळी दुभंगली. तात्पर्य, फळी लाटेनें मोडली हें खरें. पण कोठें मोडावयाचें तें घाईनें आधींच आंखून ठेवलें होतें.

म्हणून दुरुस्तीचें पहिलें काम वाळविण्याचें. दोन्ही तुकडे गोड्या पाण्यानें धुतले, म्हणजे मीठ निघून गेलें. कारण मीठ राहिलें तर तें हवेंतली ओल धरून ठेवतें. पाय घसरूं नये म्हणून फळीवर मेण चोळलेलें असतें, तें कोंवळ्या उन्हांत मऊ करून खरवडून काढलें. मेणावर रेझिन कधींच धरत नाहीं. नंतर तुटकीं तोंडें खालीं करून तुकडे सावलींत, वाऱ्याला उभे केले. कडक उन्हांत किंवा बंद मोटारींत फळी ठेवूं नये. गाभ्यांतली हवा व ओल प्रसरण पावून कवच आणखी सुटतें.

फळी वाळली हें ओळखावयाचें कसें? हात लावून कळत नाहीं, कारण वरचा थर आधीं कोरडा होतो. येथें प्रवासाचें सामान तोलण्याचा कांटा उपयोगी पडला. परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक आजीआजोबांच्या सामानांत तो असतोच! दोन्ही तुकडे मिळून पहिल्या दिवशीं ६.१ किलो भरले. दर दोन दिवसांनीं तोलून नातवानें भिंतीवर आंकडे लिहिले. अठराव्या दिवशीं वजन ५.६ किलोंवर आलें, आणि पुढचीं दोन तोलनें तितकींच भरलीं. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे पाणी संपलें. अर्धा किलो समुद्र त्या फळींत बसला होता! पहिल्या दिवसांत अधीर झालेला मुलगा पुढें पुढें स्वतःच कांटा घेऊन येऊं लागला, हा त्या अठरा दिवसांचा आणखी एक लाभ.

दुसरें काम गाभा ओळखण्याचें, आणि तें रेझिन विकत आणण्यापूर्वीं केलें पाहिजे. गाभे मुख्यतः दोन जातींचे असतात. तुटल्या जागीं बारीक, पिठूळ, जुनेपणीं पिंवळट होणारा फेस दिसला तर तो पॉलियुरेथेन. साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांस चिकटलेले दिसले, म्हणजे आपल्या ओळखीचा थर्माकोलच दिसला, तर तो पॉलिस्टिरीन. रेझिनच्याही दोन जाती आहेत: पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिनमध्यें स्टायरीन नांवाचें द्रव्य असतें, आणि तें थर्माकोलला पाण्यांत साखर विरघळावी तसें विरघळवितें. दाणेदार गाभ्यावर तें ओतलें कीं पाहतां पाहतां खड्डा पडतो. इपॉक्सी दोन्ही गाभ्यांना चालतें, आणि घासून खरबरीत केलेल्या जुन्या पॉलिएस्टर कवचावरही चांगलें धरतें. म्हणून घरगुती कामाला तेंच निर्धास्त. आमचा गाभा पिठूळ होता, तरी आम्हीं इपॉक्सीच आणलें.

ह्या दोन रेझिनांच्या स्वभावांतील एक भेद मात्र पक्का लक्षांत ठेवावा. पॉलिएस्टरला घट्ट करण्यासाठीं जें द्रव्य घालतात तें शेंकडा एक-दोन भाग एवढेंच लागतें, आणि थंडी-उष्म्याप्रमाणें तें थोडें कमीअधिक करतां येतें. इपॉक्सीचें तसें नाहीं. त्याचे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग डब्यावर छापलेल्या प्रमाणांतच तंतोतंत मोजून घ्यावे लागतात, कारण दोघांचे कण एकमेकांस जोडले जाऊनच घन पदार्थ होतो. हार्डनर अधिक घातला म्हणजे लवकर वाळेल, ही समजूत चुकीची आहे. जास्तीच्या कणांना जोडीदार मिळत नाहीं आणि सगळा थर कायमचा मऊ राहतो.

ह्यापुढें प्रत्यक्ष जोडणी. लोंबणाऱ्या कवचाच्या चिंध्या व सुटलेला भाग धारदार पातीनें कापून टाकला. परंतु गाभ्याचीं तुटकीं तोंडें आम्हीं तासलीं नाहींत. फुटलेल्या बशीचे तुकडे जसे एकमेकांत नेमके बसतात, तसा मोडलेला गाभाही बसतो. तोंडें सपाट करूं गेलें तर हा नेमकेपणा जातो, आणि फळीची लांबी व वांक दोन्ही बिघडतात. फळी नाकाकडे व शेपटीकडे थोडी वर वळलेली असते. हा वांक राखला नाहीं तर फळी जोडली जाईल, पण लाटेवर नाक खुपसील.

वांक तपासण्यास एक लवचीक लांकडी पट्टी फळीच्या तळावर वांकवून धरली. जोडावर कोठें उजेड दिसला तर तेथें मोड राहिला असें समजावें. फळी पिळली गेली नाहीं ना, हें पाहण्यासाठीं सुतारांची जुनी युक्ति केली. जोडाच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोंकाकडून डोळा लावला. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या म्हणजे फळी सरळ. ही तपासणी प्रथम कोरडीच, चिकटद्रव्य न लावतां, चार-पांच वेळां केली. एकदां रेझिन लावलें कीं विचार करावयास वेळ राहत नाहीं.

मग इपॉक्सींत सूक्ष्म पोकळ कांचगोलकांची पूड मिसळून श्रीखंडाइतकें दाट मिश्रण केलें आणि दोन्ही तोंडांना लावलें. ही पूड हलकी असते आणि मिश्रण ओघळूं देत नाहीं. आमच्या फळीचा लांकडी कणा लांब तिरका फाटला होता, हें सुदैव. तिरक्या फाटींत चिकटण्यास जागा भरपूर मिळते. तेथें पूड न घालतां नुसतें इपॉक्सी लांकडांत मुरूं दिलें. कणा काटकोनांत सरळ तुटला असेल तर त्याच्या शेजारीं बारीक खांच करून दोन्ही बाजूंस पांच-सहा इंच जाईल अशी लांकडी पट्टी बसवावी, पण तिचीं टोंकें निमुळतीं करावीं. नाहीं तर पट्टी जेथें संपते तेथेंच नवी मोड होते. शेपूट भिंतीला टेकविलें, नाकाशीं पुस्तकांनीं भरलेली पेटी सरकविली, आणि जोड तसाच रात्रभर दाबून ठेवला.

सकाळीं फळी एकसंध दिसत होती. "झाली कीं दुरुस्त!" नातू म्हणाला. वस्तुतः येथेंच बहुतेक घरगुती दुरुस्त्या फसतात. गाभा जोडला गेला होता. पण बळ गाभ्यांत नाहीं, हें आपण पाहिलेंच. त्या स्थितींत तिजवर कोणी उभा राहिला असता तर एका धक्क्यांत ती पुन्हां तुटली असती.

आतां कवच सलग करावयाचें. जोडाच्या दोन्ही बाजूंस आठ-आठ इंच जुन्या कवचाची चकाकी भरड पॉलिश-पेपरानें घासून काढली. पृष्ठभाग सर्वत्र मंद व खरबरीत दिसला पाहिजे, कारण नवें रेझिन गुळगुळीत जागेवर नुसतें बसतें, धरत नाहीं. तथापि घासतांना कवच भेदून गाभ्यांत जाऊं नये. नंतर कांचकापडाचे तीन पट्टे कापले: सहा, दहा व चौदा इंच रुंदीचे. ते जोडावर एकावर एक असे ठेवले कीं जोड प्रत्येकाच्या मधोमध यावा. तिन्ही एकाच रुंदीचे कां नकोत? कारण मग तिघांच्याही कडा एकाच रेषेंत येतात, आणि ती रेषा म्हणजे पुन्हां पुठ्ठ्यावरची नखाची रेघ. पायरीपायरीनें पातळ होत जाणारें ठिगळ ताण हळूहळू जुन्या कवचाकडे सोंपवितें. वरच्या अंगास तीन व तळास दोन पट्टे दिले, आणि कांठावरून वळवून एकमेकांवर चढविले.

कापड भिजविण्याची खूण सोपी आहे. कोरडें कापड पांढरें दिसतें. रेझिन मुरलें कीं तें पारदर्शक होतें. जेथें पांढरेपणा उरला तेथें हवा उरली. प्लास्टिकच्या पट्टीनें मधून कांठाकडे ओढीत जादा रेझिन बाहेर काढावें, कारण बळ तंतूंचें आहे. रेझिन केवळ त्यांस जागच्या जागीं धरतें. अधिक रेझिन म्हणजे अधिक वजन, आणि थर ठिसूळ. दुसऱ्या दिवशीं कापडाची वीण बुजविणारा एक पातळ थर दिला. इपॉक्सी घट्ट झाल्यावर कधीं कधीं वर मेणचट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्यानें धुऊन मगच घासावें. आधीं भरड, मग बारीक, आणि शेवटीं पाणी लावून अगदीं बारीक पेपर. हात फिरविला असतां जोड कोठें आहे हें बोटांस कळेनासें झालें म्हणजे थांबावें. मात्र फळी लगेच पाण्यांत नेऊं नये. इपॉक्सी एका दिवसांत कठीण होतें, परंतु त्याला पुरतें बळ येण्यास आठवडाभर लागतो.

ह्या कामांतील धोक्यांविषयीं दोन शब्द बोललों नाहीं तर मी कर्तव्याला चुकलों असें होईल. इपॉक्सी उघड्या त्वचेला लागूं देऊं नये. तें वारंवार लागल्यानें कातडीवर पुरळ उठते, आणि एकदां ही बाधा जडली कीं ती सहसा जात नाहीं. कांचेची व फेसाची पूड श्वासांत जाऊं नये म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातांत मोजे हवेत, आणि काम घराबाहेर किंवा उघड्या गॅरेजमध्यें करावें. पॉलिएस्टर वापरणारांनीं विशेष सावध असावें. त्याला घट्ट करणारें पेरॉक्साइड जातीचें द्रव्य डोळ्यांत उडालें तर दृष्टि कायमची जाऊं शकते. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ती बाटली उघडूंच नये. शिवाय कोणतेंही रेझिन एकदम पुष्कळ कालवून भांड्यांत ठेवूं नये. घट्ट होतांना तें उष्णता सोडतें. पातळ थरांत ती निघून जाते, परंतु पेलाभर सांठ्यांत सांचून भांडें वितळतें, धूर निघतो, क्वचित् पेटही घेतो. लहान मुलें आणि ज्वाला ह्यांपासून हें सर्व साहित्य दूर असावें.

आणि प्रत्येक फळी दुरुस्त करावी असें नाहीं. कवच जागोजाग सुटून हाताखालीं पोकळ वाजत असेल, फळी दोहोंहून अधिक ठिकाणीं मोडली असेल, अथवा दाणेदार गाभा महिनोंमहिने भिजून वजन उतरतच नसेल, तर ती सोडून द्यावी. अशा फळीवर विश्वास टाकून कोणी किनाऱ्यापासून दूर गेला आणि ती तेथें तुटली, तर परतीचा मार्ग त्यास पोहूनच कापावा लागेल. जी वस्तु माणसाला पाण्यावर धरते, तिच्या बाबतींत "चालून जाईल" हा शब्द उच्चारूं नये. ह्याउलट, बरी होण्याजोगी फळी टाकून देणें हाही अविचारच. हा फेस आणि ही कांच मातींत कुजत नाहींत. एका उन्हाळ्याच्या खेळाचा कचरा पिढ्यानुपिढ्या जमिनींत पडून राहतो.

आमची फळी तयार झाली तेव्हां पुन्हां कांट्याला टांगली. ती ६.० किलो भरली. जितकें पाणी घालविलें, जवळजवळ तितकेंच कांच-रेझिन चढलें होतें! जोडाच्या जागीं ती पूर्वींपेक्षां ताठ झाली, आणि म्हणून पूर्वींइतकी चपळ राहिली नाहीं. हें मीं नातवाला आधींच सांगून ठेवलें होतें. दुरुस्त वस्तु नवी होत नसते. ती पुन्हां उपयोगी होते, आणि ह्या दोन गोष्टींतला फरक ज्यानें मनाशीं स्वीकारला तोच तिचा नीट उपयोग करतो.

पुढच्या शनिवारीं सांताक्रूझला मी वाळूंत उभा राहिलों. ठरल्याप्रमाणें नातू कंबरभर लाटांतच खेळला. पांच-सहा लाटांनंतर तो फळी घेऊन बाहेर आला आणि मला कांहीं न बोलतां त्यानें ती उलटी करून जोडावरून अंगठा फिरविला; वर, खालीं, दोन्ही कांठांवर. कोठें केसाएवढीही चीर नव्हती. नंतर तो नळाकडे गेला, फळी गोड्या पाण्यानें धुतली, आणि टॉवेलनें कोरडी पुसून सावलींत उभी केली.